कॅमेऱ्यामागे आपली माणसे केव्हा?

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एखाद्या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण सुरू झाले, की पंचक्रोशीतील माणसे ते पाहावयास लोटतात. मुंबईहून आलेल्या गाड्यांतून दिवे, रूळ, छत्र्या आणि भलेथोरले जनरेटर उतरविले जातात. दिग्दर्शक बाहेरचा, छायालेखक बाहेरचा, ध्वनिमुद्रक बाहेरचा. पुष्कळदा दिव्यांच्या तारा ओढणारे कामगारसुद्धा बाहेरचेच. स्थानिक तरुणांच्या वाट्यास बहुधा गर्दी थोपविण्याचे काम येते, अथवा त्या गर्दीतच उभे राहण्याचे. ‘गंगाजल’ (२००३) मध्ये वाई बिहार झाली आणि ‘दबंग’ (२०१०) मध्ये उत्तर प्रदेश. ‘स्वदेस’ (२००४) मधले चरणपूर मेणवलीतच उभे राहिले. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, वडाची झाडे हे सारे पडद्यावर आले, परंतु दुसऱ्याच्या नावाने आले.

अलीकडे चित्र थोडे पालटले आहे, हे मान्य करावयास हवे. ‘लागिरं झालं जी’सारख्या मालिकांमुळे सातारच्या रंगभूमीवरील कलावंतांना कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याची संधी मिळाली आणि सातारी बोलीला घरोघर कान मिळाला. पण कॅमेऱ्यापुढे आपली माणसे आली म्हणून ती कॅमेऱ्यामागेही आली, असे होत नाही. चेहरा आणि बोली निसर्गाने व गावाने दिलेली असते. कॅमेरा, ध्वनी आणि संकलन या गोष्टी शिकाव्या लागतात.

ही तक्रार मुंबईकरांविरुद्ध नाही. चित्रपट हा खर्चाचा आणि जोखमीचा धंदा. ज्याला काम येते त्यालाच निर्माता बोलावणार. प्रश्न आपण आपल्यालाच विचारावयाचा आहे. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये निघाले, अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले. साखर, द्राक्षे, हळद आणि सहकार यांच्या जोरावर या भागाने शिक्षणसंस्थांचे जाळे विणले. मग ज्या माध्यमातून आजचे जग बोलते, ते माध्यम हाताळण्याचे शिक्षण या जाळ्यात इतके दुय्यम का राहिले?

कार्यशाळा हीच पाठशाळा

हे दुय्यमत्व आपल्या परंपरेला शोभणारे नाही. १८४३ मध्ये सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवरा’चा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. पुढे पाऊणशे वर्षांनी, सांगलीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरील कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाची कार्यशाळा उघडली. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव हे मूळचे नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणारे. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून तो स्वतःच घडविण्याचा ध्यास दोघांनी घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी हे केवळ एका निर्मात्याचे कार्यालय नव्हते. तेथे आलेल्या तरुणाने पडेल ते काम करावयाचे: आज रंग कालवावयाचे, उद्या पडदा टांगावयाचा, परवा तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहावयाचे. व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल हे याच पडेल त्या कामातून तयार झाले. १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली आणि तेथे दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. यांपैकी कोणाच्याही हाती चित्रपटाची पदवी नव्हती. मात्र त्यांचे शिक्षण झालेच नव्हते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांचे शिक्षण कसून झाले होते. फक्त त्याला प्रमाणपत्र नव्हते.

सांगलीनेही याच काळात एक धाडस करून पाहिले. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने बोलपटाच्या लाटेत ‘बळवंत पिक्चर्स’ ही कंपनी काढली. ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) या तिच्या बोलपटाचे दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर यांनी केले. कंपनीजवळ गाणे होते, नट होते, नाटकाचा दांडगा अनुभव होता. तरीही ती तगली नाही. बोलपटाचा व्यवहार आणि बोलपटाचे तंत्र ही नाटकाहून निराळी विद्या होती. तरुण बेडेकर ती शिकण्यासाठी पुढे थेट इंग्लंडला गेले. परतीच्या बोटीवरील अनुभवातून मराठीला ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी मिळाली, हा साहित्याचा लाभ. पण सांगलीत चित्रपट करून पाहिलेल्या माणसाला चित्रपट शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कथांचे तर विचारावयासच नको. आटपाडीजवळ औंध संस्थानने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुल्या कैद्यांची वसाहत वसविली. त्याच माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा रचली आणि शांतारामबापूंनी ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) निर्माण केला. बर्लिनच्या महोत्सवाने त्याचा सन्मान केला. कथा आटपाडीची, लेखक माडगूळचा. चित्रपटाची विद्या मात्र लेखकाला कोल्हापूर-पुण्याच्या स्टुडिओंत मिळवावी लागली. स्टुडिओंचा तो काळ संपला, कंपन्या बंद पडल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘ये, पडेल ते काम कर आणि शीक’ म्हणणारी दारेही मिटली. मिटलेल्या दाराच्या जागी शाळेचे दार उघडावयास हवे होते.

पुण्याची संस्था, नगरचा धडा

तसे एक दार उघडले, पण ते अतिशय अरुंद होते. ‘प्रभात’च्या जागेवर केंद्र सरकारने १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट काढली. या संस्थेचे ऋण भारतीय चित्रपटावर फार मोठे आहे. उमेश कुलकर्णी यांच्यासारखे दिग्दर्शक तिने मराठीला दिले. परंतु अखिल भारतातून येणारे उमेदवार आणि एकेका शाखेत जेमतेम डझनभर जागा, हे गणित मांडले की जतच्या किंवा खटावच्या मुलाच्या वाट्याला काय येणार, हे सांगावयास नको. २०१७ पासून संस्थेने गावोगावी अल्पमुदतीचे वर्ग घेण्याचा उपक्रम सुरू केला, तो स्तुत्यच होय. तथापि काही दिवसांच्या वर्गाने तहान जागी होते, भागत नाही.

म्हणून नगरचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी मराठीत एम. ए. केल्यानंतर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला. त्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शिक्षणाची आस लागलेल्या एका वंचित मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ (२०१६) आले, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच महाविद्यालयात शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ची दखलही राष्ट्रीय पुरस्कारांनी घेतली.

या दोन नावांवरून ‘वर्ग काढा म्हणजे पुरस्कार मिळतील’ असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. प्रतिभा अभ्यासक्रमातून उगवत नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सामान्य कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात एक विभाग असला, तेथे चित्रपट पाहण्याची, त्यांवर भांडण्याची आणि परीक्षेसाठी का होईना, एक लघुपट पुरा करण्याची सक्ती असली, तर गावाकडच्या मुलाची प्रतिभा वाया जाण्याऐवजी कामी येते, एवढे तरी नगरने सिद्ध केले आहे. ही मुले मुंबईचे अनुकरण करून पुढे आली नाहीत. आपल्या वेशीबाहेरचे जगणे घेऊन आली. तो ऐवज महाविद्यालयाने दिलेला नव्हता. तो मांडण्याची रीत मात्र शिकता आली.

हाती यंत्र आहे, पुढे काय?

येथे एक आक्षेप हमखास निघतो. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. पोरे आपसूक शिकतात. त्यासाठी महाविद्यालय कशाला? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण पेन स्वस्त झाले म्हणून निबंध शिकविणे कोणी थांबविले नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवावा. कृष्णा सांगलीच्या बाजारपेठेत शिरली, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. त्या आठवड्यात फोनवर घेतलेल्या दृश्यांना सुमार नव्हता. आयर्विन पुलावरून, गच्चीवरून, होडीतून घेतलेली ती दृश्ये एका फोनवरून दुसऱ्या फोनवर धावत होती. आज त्यांतली बहुतेक कोठे आहेत? कोणते दृश्य कोणत्या दिवशीचे, कोणत्या गल्लीतले, त्यात बोलणारी व्यक्ती कोण, याची नोंद कितीजणांनी ठेवली? वाऱ्याच्या घोंगावण्यात माणसाचा शब्द हरवलेला, हात थरथरलेला, आणि नेमका महत्त्वाचा क्षण आला की चित्रण थांबलेले, अशी ती कितीतरी दृश्ये आहेत. दृश्ये भरपूर जमली. सांगलीच्या पुराची साक्ष मात्र त्यांतून आपोआप उभी राहिली नाही. दृश्य घेणे आणि साक्ष उभी करणे यांतील अंतर म्हणजेच या विषयाचे शिक्षण.

हे शिक्षण नेमके काय असते, हे शिक्षक-पालकांना ठाऊक असणे बरे; कारण ‘फिल्म’ म्हटले की डोळ्यांपुढे नटनट्या येतात. एक साधा अभ्यास घेऊ. मिरजेत तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. विद्यार्थ्यांना सांगावे: तंबोरा कसा तयार होतो, ते दहा मिनिटांत दाखवा, निवेदनाचा एकही शब्द वापरू नका. आता अडचणींना आरंभ होतो. भोपळा कापल्यापासून तारा चढेपर्यंत कित्येक दिवस जातात. त्यांतले काय ठेवावे आणि काय गाळावे? कारागिराचा हात जवळून दाखवावा की त्याचा चेहरा? खिडकीतून येणारा प्रकाश दुपारी बदलतो. सकाळी घेतलेल्या दृश्याला संध्याकाळचे दृश्य जोडले तर प्रेक्षकाला खटकते. दोन कारागीर बोलत असतील तर त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूस कॅमेरा ठेवावा लागतो; नाहीतर पडद्यावर दोघेही एकाच दिशेला तोंड करून बोलताना दिसतात.

सर्वांत अवघड ध्वनी. घोडीवर जवारी काढताना कारागीर पुनःपुन्हा तार छेडतो आणि कान लावून ऐकतो. तो झंकार मुद्रित करावयाचा तर पंखा बंद करावा लागतो, रस्त्यावरची रिक्षा जाईपर्यंत थांबावे लागते, मायक्रोफोन कोठे धरावा याचे दहा प्रयोग करावे लागतात. फोनच्या अंगच्या मायक्रोफोनने ते साधत नाही, हे विद्यार्थ्याला व्याख्यानाने पटत नाही. तेथे स्वतः फसल्यावर पटते. मग संकलनाच्या टेबलापाशी कळते, की तीन तासांच्या चित्रणात हवा असलेला एक क्षण घ्यावयाचा राहूनच गेला आहे. पुन्हा मिरजेला जावे लागते, कारागिराची पुन्हा परवानगी घ्यावी लागते. या एका अभ्यासात निरीक्षण, संयम, हिशेब, वेळापत्रक आणि दुसऱ्याच्या श्रमाविषयी आदर इतक्या गोष्टी शिकून होतात. आमच्या पदवी परीक्षांतील किती प्रश्नपत्रिकांबद्दल असे म्हणता येईल?

दादासाहेब फाळके यांचे उदाहरणही हेच सांगते. जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे चित्रकला व छायाचित्रण शिकलेला हा माणूस १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आला. त्याने आधी राजा हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत बी पेरून त्याच्या अंकुराची वाढ त्याने थोडी थोडी टिपली. त्या छोट्या चित्रणाने भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) घडला. आरंभ साधा, समोर दिसणाऱ्या वस्तूपासून आणि चिकाटीने करावयाचा, हा धडा आजच्या कोणत्याही वर्गाच्या दारावर लिहून ठेवण्याजोगा आहे.

समुदाय महाविद्यालय कशासाठी?

आता प्रश्न उरतो तो चौकटीचा. तीन वर्षांची भारी शुल्काची पदवी हा आपल्या मुलांसाठी उपाय नव्हे. अमेरिकेत १९०१ मध्ये जॉलिएट येथे पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले आणि त्यातून ‘कम्युनिटी कॉलेज’ ही कल्पना वाढली: घराजवळचे, कमी शुल्काचे, नोकरी सांभाळून शिकता येईल असे, आणि परिसराच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम आखणारे महाविद्यालय. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये समुदाय महाविद्यालयांची योजना आणली. पाठोपाठ आलेल्या ‘बी. व्होक.’ अभ्यासक्रमात तर एका वर्षाने पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा ठेवली. साठ टक्के भाग कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा, अशी वाटणी सांगितली. कागदावरची ही चौकट चित्रपट व माध्यमनिर्मितीच्या शिक्षणाला अगदी मापाने शिवल्यासारखी आहे.

शिवाय सातारा-सांगलीला ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र प्रत्यक्षात उतरविला. समुदाय महाविद्यालय म्हणजे याच मंत्राचे एक रूप नव्हे काय? आणि माध्यमनिर्मिती ही मोठ्या शहरांचीच मिरासदारी आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी किर्लोस्करवाडी आठवावी. ओसाड माळावरच्या नांगराच्या कारखान्यातून १९२० मध्ये एक ‘खबर’पत्र निघाले. त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि दोन पिढ्यांच्या मराठी मध्यमवर्गाने ती वाचली. मजकूर, चित्रे, छपाई आणि वितरण यांची सारी विद्या सांगली जिल्ह्यातील एका वाडीत नांदत होती.

अलीकडचाही दाखला आहे. साताऱ्यातील दुष्काळी म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालते आणि माणदेशच्या बायाबापड्यांचा आवाज तेथून ऐकू येतो. त्याही आधी, १९८४ मध्ये, अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने भाजी विकणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या बायांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या चित्रण शिकल्या, आपल्या अडचणी त्यांनी स्वतः चित्रित केल्या आणि अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. त्या काळची यंत्रे आजच्याहून किती जड आणि महाग होती, हे लक्षात घेतले तर आपली ‘आमच्याकडे साधने नाहीत’ ही सबब लटकी पडते.

नोकरीचे काय?

मात्र या बाबतीत पालकांना फसवू नये. महाविद्यालयाच्या कार्यालयात मुलाला घेऊन आलेला लिपिक किंवा शेतकरी बाप प्रथम हेच विचारतो: “शिकून याला काम मिळेल का?” हा प्रश्न क्षुद्र नाही, घरातली शिल्लक पणाला लावणाऱ्याचा तो हक्क आहे. त्याला ‘तुमचा मुलगा दिग्दर्शक होईल’ असे सांगणे म्हणजे वंचना. चित्रपटात यश मिळविणारे मूठभर असतात आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षे ताटकळणारे असंख्य. अभिनयाचे झटपट वर्ग काढून, मालिकेत भूमिका देण्याचे गाजर दाखवून ग्रामीण मुलामुलींचे पैसे उकळणाऱ्यांचा सुळसुळाट आहेच. महाविद्यालयांनी त्या वाटेने जाऊ नये.

खरे उत्तर साधे आहे. लग्नसमारंभाचे चित्रण हा आज गावोगाव चालणारा रोजगार आहे. तो करणाऱ्याला ध्वनी आणि संकलन नीट आले तर त्याच्या कामाचे मोल वाढते. कृषी महाविद्यालये, सहकारी कारखाने, बँका, रुग्णालये, शाळा या सर्वांना आता माहितीपट आणि पाठांची चित्रणे लागतात. ती बाहेरून करून घेतली जातात. वृत्तवाहिन्यांना तालुक्याच्या ठिकाणी चित्रण आणि बातमी या दोन्हींची जाण असलेला माणूस हवा असतो. आणि चित्रीकरणासाठी आलेल्या मोठ्या कंपनीला वाईत किंवा साताऱ्यातच जाणता ध्वनिसाहाय्यक, प्रकाशयोजनेचा कामगार, वेळापत्रक सांभाळणारा साहाय्यक मिळाला, तर ती मुंबईहून माणूस आणण्याचा खर्च आनंदाने वाचवील. ही कामे झगमगाटाची नाहीत. पण पोट भरणारी आहेत. आणि ती करता करता एखाद्याच्या अंगी खरी प्रतिभा असली, तर तिला वाट सापडेल.

तेव्हा अशा वर्गाच्या काही किमान अटी समाजाने मागून घ्याव्यात. शिक्षकांत प्रत्यक्ष चित्रीकरणावर काम केलेला एक तरी माणूस असावा. केवळ पुस्तकावरून छायालेखन शिकविणे म्हणजे काठावर बसून पोहणे शिकविणे होय. वर्ग वीस-पंचवीसांहून मोठा नसावा. यंत्रे थोडी असली तरी चालतील, पण ती कपाटात कुलूपबंद राहता कामा नयेत. उद्घाटनानंतर धूळ खाणाऱ्या प्रयोगशाळा आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. वर्ग संध्याकाळीही असावेत. दर आठवड्याला एक चांगला चित्रपट अंधारात, अखंड, सर्वांनी मिळून पाहावा. आणि भाषेचा, इतिहासाचा अभ्यास वगळू नये; ज्याला सांगावयाचे काही नाही, त्याला कॅमेरा काय सांगून देणार?

जे निसटून चालले आहे

या साऱ्यात एक गोष्ट रोजगाराहूनही मोठी आहे. १९४३ नंतर याच भूमीत प्रतिसरकार चालले. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटण्यात आली. कुंडलच्या तुफान सेनेने परकीय सत्तेला जेरीस आणले. त्या सेनेतले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, २०२२ मध्ये गेले. त्यांची साक्ष उतरत्या वयात का होईना, चित्रित झाली. पण ते श्रेय बाहेरून आलेल्या जाणत्या पत्रकारांचे. त्यांच्याबरोबर लढलेल्या, भाकऱ्या पोचविणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, दारावर पोलीस असताना चूल पेटती ठेवणाऱ्या किती स्त्रिया-पुरुषांचे शब्द त्यांच्याबरोबरच मातीत गेले? कुंडलपासून सांगली किती दूर आहे? आपल्या महाविद्यालयांतून तेथे दरवर्षी दोन विद्यार्थी एक कॅमेरा आणि एक मायक्रोफोन घेऊन गेले असते, तर आज आपल्या ग्रंथालयांत या भागाचा जिवंत इतिहास साठला असता.

ती संधी हुकली. पण निसटत चाललेल्या गोष्टी अजून पुष्कळ आहेत. धरणांसाठी उठलेली कोयनाकाठची गावे आठवणारे वृद्ध आहेत. ऊसतोडीच्या फडावर वाढलेली मुले आहेत. जतच्या पाण्यासाठी रांगेत उभे राहण्यात तारुण्य गेलेल्या बाया आहेत. त्यांच्याकडे जाण्यासाठी मुंबईच्या निर्मात्याला कारण नाही, आपल्याला आहे. आणि हे काम मुलींच्या हाती दिले, तर ज्या स्वयंपाकघरांत परका पुरुष कॅमेरा घेऊन शिरू शकत नाही, तेथली दारेही उघडतील.

१८४३ मध्ये सांगलीच्या राजाने एका तरुणाला ‘असे काही तू करून दाखव’ म्हटले आणि मराठी रंगभूमी जन्मली. आज राजे नाहीत. त्यांच्या जागी शिक्षणसंस्था, सहकारी कारखाने, बँका आणि नगरांच्या महापालिका आहेत. एखाद्या समारंभाच्या मांडवाला जितका खर्च येतो, तितक्यात एका लहान वर्गाची यंत्रसामग्री उभी राहू शकते. ‘करून दाखव’ म्हणणारा एक आवाज आणि त्यामागे थोडे पाठबळ, एवढेच हवे आहे. मग मेणवलीच्या घाटावर पुढच्या वेळी गर्दी जमेल, तेव्हा तिच्यातली चार मुले दोरीच्या अलीकडे न राहता पलीकडे असतील. ती कोणाची चहाची किटली उचलीत नसतील. कानाला यंत्र लावून कृष्णेच्या पाण्याचा आवाज मुद्रित करीत असतील.